विश्लेषण : राष्ट्रपतिपद हुकलेले सी. डी. देशमुख, १९६९ ची लढत त्यांच्या मतपत्रिकांवर कशी ठरली?

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत लढत सुरू झाली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. हा उमेदवार जिंकू शकतो का? आणि त्याची कर योजना काय? आपल्याकडे राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. कर ठरवणे हे सरकारचे आणि संसदेचे काम आहे, राष्ट्रपतींचे नाही.

मात्र १९६९ मध्ये हे दोन्ही प्रश्न विचारता येतील असा एक मराठी उमेदवार रिंगणात होता. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे माजी अर्थमंत्री चिंतामणराव ऊर्फ सी. डी. देशमुख. ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. तरीही विजेता कोण हे त्यांना मिळालेल्या मतपत्रिकांवरचा दुसरा पसंतीक्रम मोजल्यावरच ठरले. ते कसे, आणि मुळात देशमुख या लढतीपर्यंत कसे पोहोचले, ते समजून घेऊ.

कोण होते चिंतामणराव देशमुख?

जन्म १४ जानेवारी १८९६, रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते या गावी. वडील द्वारकानाथ हे वकील. शालेय शिक्षण रोहा आणि तळे परिसरात झाले. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले. १९१८ मध्ये लंडनमध्ये झालेल्या आयसीएस परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक आला.

नोकरीची पहिली दोन दशके मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गेली. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेचा पाया घातला गेला, त्या परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही गव्हर्नर तेच होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ मार्चला, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी काय केले?

जॉन मथाई यांनी राजीनामा दिल्यावर १९५० मध्ये पंडित नेहरूंनी देशमुखांना अर्थमंत्री केले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले.

त्यांच्या काळातील दोन निर्णय आजही कोल्हापुरातील बहुतेक घरांपर्यंत पोहोचलेले आहेत. पहिला, १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. दुसरा, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण. १९ जानेवारी १९५६ रोजी देशमुखांनी रेडिओवरून याची घोषणा केली. २४५ विमा कंपन्या आणि संस्था सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यातून १ सप्टेंबर १९५६ रोजी एलआयसी उभी राहिली.

त्यांची कर योजना काय होती?

स्वातंत्र्यानंतर विकासासाठी पैसा हवा होता आणि प्राप्तिकर भरणारे मूठभर होते. त्यामुळे कर कोणावर आणि किती लावायचा हा कळीचा प्रश्न होता. देशमुखांच्या काळात त्यावर चार ठळक पावले पडली.

१. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर कर : १९५३ मध्ये इस्टेट ड्युटी कायदा आला. एखाद्या श्रीमंत व्यक्तीच्या मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवर हा कर लागे. संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या मोजक्या घरांत साठू नये, हा त्यामागचा हेतू होता. हा कर १९८५ मध्ये रद्द झाला. वारसा कर पुन्हा आणावा का, हा वाद मात्र अजूनही निवडणुकीच्या तोंडावर डोके वर काढतो.

२. कर चौकशी आयोग : त्याच वर्षी मथाई यांच्याच अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. केंद्र, राज्ये आणि स्थानिक संस्था या तिन्ही पातळ्यांवरील करांचा त्याने एकत्रित अभ्यास केला.

३. विवाहितांना वेगळी सवलत : १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकराचा पहिला करमुक्त टप्पा सर्वांसाठी १,५०० रुपये होता, तो बदलण्यात आला. विवाहितांसाठी तो २,००० रुपये झाला आणि अविवाहितांसाठी १,००० रुपयांवर आला. ज्याच्यावर संसाराचा भार आहे त्याच्यावर कराचा भार कमी, असे हे गणित होते.

४. काल्डोर अहवाल : १९५६ च्या सुरुवातीला केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर भारतात आले. त्यांनी संपत्ती कर, खर्चावरील कर, देणगी कर आणि भांडवली नफ्यावरील कर सुचवला. त्याच वेळी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ४५ टक्क्यांवर आणावा, असेही सांगितले. दर कमी ठेवायचे पण पळवाटा बंद करायच्या, हा त्याचा गाभा होता.

या अहवालावर निर्णय घेण्याची वेळ आली तेव्हा देशमुख अर्थमंत्री राहिले नव्हते. नवे कर पुढे १९५६ ते १९५८ या काळात आणले गेले. दर ४५ टक्क्यांवर आणण्याची सूचना मात्र मागे पडली. खर्चावरील कर १९६६ मध्ये कायमचा गेला आणि संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

मग त्यांनी मंत्रिपद का सोडले?

कारण मुंबई. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली. मुंबईत लोक रस्त्यावर आले, पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे जीव गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एकूण शंभराहून अधिक जण हुतात्मा झाले.

तारखा शेजारी ठेवून पाहिल्या तर देशमुखांची कोंडी कळते. १६ जानेवारीला मुंबईचा निर्णय आणि १९ जानेवारीला त्यांची आयुर्विम्याची घोषणा. एकाच आठवड्यात ते देशाच्या अर्थकारणातील मोठा निर्णय जाहीर करत होते आणि त्यांच्याच सरकारच्या निर्णयाविरुद्ध त्यांचा प्रांत पेटला होता. त्यांनी राजीनामा देऊ केला. नेहरूंनी त्यांना थांबण्यास सांगितले. सहा महिने वाट पाहूनही भूमिका बदलली नाही, तेव्हा जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

लोकसभेत निवेदन करताना त्यांनी केवळ मुंबईचा प्रश्न मांडला नाही. इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळाला पुरेसा विश्वासात न घेता झाला, असा त्यांचा थेट आक्षेप होता. गोळीबाराच्या चौकशीचा आग्रहही त्यांनी धरला होता.

हे सोपे नव्हते. नेहरूंनीच त्यांना राजकारणात आणले होते. १९५३ मध्ये देशमुख आणि दुर्गाबाई यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला, तेव्हा साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांत नेहरू होते. शिवाय देशमुख जन्मभर प्रशासनात वाढलेले. त्यांच्यामागे पक्षातला गट नव्हता की साखर कारखाना, बँक, दूध संघ असे बळ नव्हते. खुर्ची सोडली तर परत येण्याचा रस्ता राहणार नाही हे उघड होते आणि तसेच झाले. ते पुन्हा कधीही मंत्री झाले नाहीत.

राजीनाम्यानंतर लगेच संयुक्त महाराष्ट्र मिळाला असेही नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईसह द्विभाषिक राज्य आले. कोल्हापूर त्यात राहिले आणि अवघ्या ४० किलोमीटरवरची निपाणी म्हैसूर राज्यात गेली. महाराष्ट्र राज्य होण्यास १ मे १९६० उजाडावे लागले. सीमाभागाचा प्रश्न आजही सर्वोच्च न्यायालयात आहे.

१९६९ मध्ये ते उमेदवार कसे झाले?

दरम्यान देशमुखांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूपद सांभाळले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसमध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी आणि ज्येष्ठ नेत्यांचा सिंडिकेट गट यांच्यात आधीच तणाव होता. सिंडिकेटने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पक्षाकडून पुढे आणले. रेड्डींच्या अर्जावर इंदिरा गांधींचीही सही होती. पण उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून उभे राहिले आणि इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाने मत देण्याची मुभा देऊन आपला कल दाखवून दिला.

स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी देशमुखांना पुढे केले. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते.

यात एक विसंगती होती. स्वतंत्र पक्षाचा राष्ट्रीयीकरणाला ठाम विरोध होता. १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्याने तोच विषय तापला होता. आणि त्यांचा उमेदवार आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण करणारा अर्थमंत्री होता! म्हणजे देशमुखांची निवड धोरणापेक्षा त्यांच्या प्रतिष्ठेवर झाली होती, असे म्हणावे लागते.

जिंकण्याची शक्यता किती होती?

प्रामाणिक उत्तर : जवळपास नव्हतीच. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत स्वतंत्र पक्षाला ४४ आणि जनसंघाला ३५ जागा मिळाल्या होत्या. खासदाराच्या एका मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते. म्हणजे लोकसभेतील या ७९ जागांची बेरीज ४५,५०४ होते. विजयासाठी लागणार होती चार लाखांहून अधिक मते. राज्यसभा आणि विधानसभांतील मते धरूनही हे अंतर कापणे अशक्य होते.

पण या निवडणुकीत मतदार एकच नाव निवडत नाही, पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर शेवटच्या क्रमांकाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. देशमुखांचे महत्त्व इथे होते. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या नेत्यांची भेट घेतली. त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी, असा हा प्रयत्न होता. इंदिरा गांधींच्या गटाने याच भेटीचा सिंडिकेटविरुद्ध वापर केला.

निकालाचे गणित काय सांगते?

मतदान १६ ऑगस्टला आणि मोजणी २० ऑगस्टला झाली. रिंगणात १५ उमेदवार होते. वैध मतांचे मूल्य ८,३६,३३७ आणि विजयाचा कोटा ४,१८,१६९.

पहिली पसंती :
• व्ही. व्ही. गिरी : ४,०१,५१५
• नीलम संजीव रेड्डी : ३,१३,५४८
• सी. डी. देशमुख : १,१२,७६९
• इतर सर्व मिळून : ८,५०५

देशमुखांचा वाटा सुमारे साडेतेरा टक्के. कोट्यासाठी गिरींना १६,६५४ मते कमी पडत होती, तर रेड्डींना १,०४,६२१. एकेक उमेदवार बाद करत मोजणी पुढे गेली. वाटायच्या मतांत देशमुखांचाच हिस्सा ९३ टक्के होता.

अंतिम मोजणी :
• गिरी : ४,२०,०७७ (१८,५६२ ची भर)
• रेड्डी : ४,०५,४२७ (९१,८७९ ची भर)

म्हणजे वाटलेली बहुतेक मते ठरल्याप्रमाणे रेड्डींकडे गेली. पण सगळी गेली नाहीत. गिरी कोट्यापेक्षा फक्त १,९०८ मतांनी पुढे गेले. दोघांतील अंतर होते १४,६५०. गिरींकडची साडेसात हजार मते रेड्डींकडे वळली असती तर निकाल उलटा लागला असता. तेव्हाच्या मूल्यानुसार ही जेमतेम १३ खासदारांची मते. दुसऱ्या पसंतीपर्यंत गेलेली राष्ट्रपतिपदाची ही आजवरची एकमेव निवडणूक आहे.

या निकालाने इंदिरा गांधींचे बळ वाढले आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस फुटली. रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. महाराष्ट्रातील व्यक्ती राष्ट्रपती होण्यास मात्र २००७ पर्यंत, प्रतिभाताई पाटील यांच्या निवडीपर्यंत थांबावे लागले.

पुढे देशमुखांचे काय झाले?

पराभवानंतर ते पक्षीय राजकारणात अडकले नाहीत. संस्कृतवर त्यांचे प्रेम जुने होते. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठी अनुवाद केला, तर गांधीजींचे विचार संस्कृत श्लोकांत आणले. १९७५ मध्ये त्यांना आणि दुर्गाबाईंना एकाच वर्षी पद्मविभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादमध्ये त्यांचे निधन झाले.

आज हे का आठवायचे?

पुढच्या राष्ट्रपती निवडणुकीत कोणाची किती मते याची चर्चा होईल, तेव्हा एक हिशेब लक्षात ठेवा. महाराष्ट्रातील आमदाराच्या एका मताचे मूल्य २०२२ मध्ये १७५ होते. कोल्हापूर जिल्ह्याचे दहा आमदार मिळून १,७५०. गिरी कोट्याच्या पुढे गेले ते १,९०८ मतांनी. इतक्या कमी फरकावर देशाचे सर्वोच्च पद ठरू शकते.

आणि उमेदवाराच्या योजनेबद्दल बोलायचे तर देशमुखांनी जाहीरनामा दिला नव्हता. त्यांचे काम आधीच लोकांपुढे होते. काही कर टिकले नाहीत. स्टेट बँक आणि एलआयसी टिकल्या. आणि ज्या वर्षी काल्डोर अहवाल आला, म्हणजे करव्यवस्था मुळापासून बदलण्याची संधी समोर होती, त्याच वर्षी मुंबईसाठी त्यांनी ती खुर्ची सोडली होती.