मांजरांच्या सोबतीतला एकाकी चित्रकार

सात रस्ता, सोलापूर : इ. स. १८८६ च्या नाताळात 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या प्रख्यात सचित्र साप्ताहिकाच्या विशेषांकात मांजरांच्या मेजवानीचे एक चित्र प्रसिद्ध झाले. अकरा चौकटींत विभागलेल्या त्या चित्रात सुमारे दीडशे मांजरे होती. काही निमंत्रणे धाडीत होती, काही खेळात रमली होती, तर काही चक्क भाषणे ठोकत होती. चित्रकार होते २६ वर्षांचे लुई वेन. या एका चित्राने त्यांचे नाव इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचले. मात्र या चित्रांमागे आजारी पत्नीचा बिछाना आणि तिच्याजवळ बसणारा एक बोका होता, हे त्या वेळी फार थोड्या वाचकांना ठाऊक असेल.

वेन यांच्या निधनानंतर अनेक दशकांनी वैद्यकशास्त्राने त्यांच्या आयुष्याकडे पुन्हा वळून पाहिले. ज्यांना वेडा ठरवून इस्पितळात ठेवले, ते वास्तविक स्वमग्न तर नव्हते ना, असा प्रश्न पुढे आला. स्वमग्न व्यक्ती आणि मांजर यांच्या नात्याविषयी आज जे कुतूहल आहे, त्यामुळे वेन यांचे चरित्र नव्याने वाचण्याजोगे ठरले आहे.

कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा

लुई वेन यांचा जन्म ५ ऑगस्ट १८६० रोजी लंडनमधील क्लर्कनवेल येथे झाला. वडील कापडाच्या व्यापारात आणि भरतकामाच्या व्यवसायात होते. आई मूळची फ्रेंच. सहा भावंडांत लुई थोरला आणि एकुलता एक मुलगा. बाकी पाच बहिणी. जन्मतःच त्याचा ओठ दुभंगलेला होता. प्रकृतीच्या कारणास्तव दहा वर्षांचा होईपर्यंत त्याला शाळेत पाठवू नये, असा सल्ला डॉक्टरांनी दिला आणि आईवडिलांनी तो पाळला. पुढे शाळेत नाव घातल्यावरही वर्गात त्याचे मन रमले नाही. शाळा बुडवून लंडनच्या रस्त्यांवर, गोद्यांवर एकट्याने भटकणे त्याला अधिक प्रिय होते. समवयस्कांच्या घोळक्यापासून दूर राहणारा हा मुलगा स्वतःच्याच कल्पनांत गुंग असे.

वेस्ट लंडन स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतल्यावर वेन यांनी काही काळ तेथेच अध्यापन केले. १८८० मध्ये वडिलांचे निधन झाले आणि आईसह पाच बहिणींचा भार विशीतल्या तरुणाच्या खांद्यावर आला. शिक्षकाच्या पगारात एवढे मोठे कुटुंब चालणे शक्य नव्हते. वेन यांनी नियतकालिकांसाठी चित्रे काढण्यास प्रारंभ केला. कृषी प्रदर्शनांतील गुरेढोरे, पक्षी, श्वान, मोठमोठे वाडे असे जे काम मिळेल ते त्यांनी केले. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत मांजराला स्थान नव्हते.

एमिली आणि पीटर

बहिणींना शिकविण्यासाठी घरी येणाऱ्या एमिली रिचर्डसन यांच्यावर वेन यांचे मन जडले. एमिली त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या होत्या. पदरी पगारावर असलेल्या शिक्षिकेशी आणि तेही वयाने मोठ्या स्त्रीशी विवाह करणे तत्कालीन इंग्लंडमधील मध्यमवर्गाला रुचण्यासारखे नव्हते. विरोध पत्करून १८८४ मध्ये दोघांनी विवाह केला आणि हॅम्पस्टेड भागात वेगळे बिऱ्हाड थाटले. विवाहानंतर अल्पावधीतच एमिली यांना स्तनाच्या कर्करोगाने ग्रासले. त्या काळी या रोगावर खात्रीचा उपचार नव्हता.

याच सुमारास पावसात भिजत केविलवाणे ओरडणारे काळ्या-पांढऱ्या रंगाचे एक पिल्लू या दांपत्याने घरात आणले. त्याचे नाव पीटर. अंथरुणाला खिळलेल्या एमिली यांना या पिल्लाचा मोठा विरंगुळा होता. पत्नीच्या चेहऱ्यावर हसू यावे म्हणून वेन त्याची चित्रे काढू लागले. पीटर चष्मा घालून वाचत बसला आहे, अशी गमतीची चित्रेही त्यांत होती. बोक्याची एकेक हालचाल, कानांचा कल, शेपटीचा डौल ते तासन्‌तास न्याहाळत. ही चित्रे प्रसिद्ध करावीत, असा आग्रह एमिली यांचाच होता. नाताळच्या त्या गाजलेल्या चित्रानंतर काही दिवसांतच, २ जानेवारी १८८७ रोजी, एमिली यांचे निधन झाले. वैवाहिक आयुष्य जेमतेम तीन वर्षांचे ठरले. वेन यांनी पुन्हा विवाह केला नाही. पत्नीच्या पश्चात पीटर त्यांच्या सोबतीला राहिला आणि आपल्या कारकिर्दीचा पाया या बोक्यानेच घातला, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले.

माणसांत वावरताना अवघडणारे, संभाषणाचा सूर न साधणारे वेन मांजराच्या सहवासात मात्र निःशंक असत. मांजर डोळ्याला डोळा भिडवून बोलण्याची अपेक्षा धरीत नाही, शिष्टाचार चुकला म्हणून रुसत नाही आणि जवळ यायचे की दूर बसायचे हे स्वतःच ठरविते. वेन यांना हेच मानवले असावे.

कीर्ती आली, पैसा टिकला नाही

त्या काळी मांजराची उपयुक्तता उंदीर मारण्यापुरतीच मानली जात असे. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले होते खरे, तथापि मांजराला घरात मानाचे स्थान मिळण्यास वेन यांच्या चित्रांनी मोठा हातभार लावला. आपल्याकडे मांजर आडवे गेले की आजही अनेकांची पावले थबकतात. इंग्लंडमध्येही मांजराभोवती समजुतींचे असेच जाळे होते. वेन यांची मांजरे दोन पायांवर चालू लागली, चहा पिऊ लागली, पत्ते कुटू लागली, शाळेत जाऊ लागली. ती पाहताना वाचक स्वतःलाच हसत. वर्षाला शेकडो चित्रे त्यांच्या हातून उतरत. १९०१ पासून त्यांच्या चित्रांचे वार्षिक अंक निघू लागले. ते नॅशनल कॅट क्लबचे अध्यक्ष झाले, मुक्या प्राण्यांसाठी झटणाऱ्या संस्थांच्या कामात सहभागी झाले आणि प्राण्यांवरील प्रयोगांच्या विरोधी चळवळीतही त्यांनी भाग घेतला.

व्यवहाराच्या बाबतीत मात्र ते अगदीच अनभिज्ञ होते. चित्र विकताना ते त्यावरील सारे हक्कही विकून टाकत. तीच चित्रे पुढे पोस्टकार्डांवर आणि पुस्तकांत वारंवार छापली जात. वेन यांच्या हाती त्यातील एक छदामही पडत नसे. समोरच्याचा हेतू ओळखणे त्यांना जमत नसे. १९०७ मध्ये ते अमेरिकेत गेले, न्यूयॉर्कमधील वृत्तपत्रांसाठी त्यांनी काम केले. परंतु एका नव्या प्रकारच्या दिव्याच्या शोधात गाठीचा पैसा घालून तो गमावून बसले. दरम्यान १९१० मध्ये आईचे निधन झाले. एक बहीण १९०१ पासून मनोरुग्णालयात होती. ती १९१३ मध्ये वारली. पाचही बहिणी अविवाहित राहिल्या आणि कुटुंबाचा भार अखेरपर्यंत वेन यांच्यावरच राहिला. पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली, चित्रांची मागणी घटली आणि हे घर दारिद्र्याच्या खाईत लोटले गेले.

इस्पितळाच्या भिंतींआड

हळूहळू वेन यांची मनःस्थिती ढासळू लागली. मांजराच्या अंगातील विजेविषयी त्यांच्या कल्पना पूर्वीपासूनच चमत्कारिक होत्या. आता चित्रपटाच्या पडद्यावरील लुकलुकाटामुळे बहिणींच्या मेंदूतील वीज शोषली जाते, असे त्यांना वाटू लागले. ते संशयी बनले, प्रसंगी हिंसक होऊ लागले. अखेर १९२४ मध्ये बहिणींनी त्यांना लंडनमधील स्प्रिंगफिल्ड मनोरुग्णालयात दाखल केले. ज्यांची चित्रे लक्षावधी मुलांनी जपून ठेवली होती, ते चित्रकार निर्धन रुग्णांच्या कक्षात वर्षभर अज्ञातवासात पडून होते. पुढे रुग्णालयाच्या पाहणीसाठी आलेल्या एका पुस्तकविक्रेत्याने त्यांना ओळखले आणि ही वार्ता बाहेर फुटली.

लेखक एच. जी. वेल्स यांनी जनतेला मदतीचे आवाहन केले. ज्यांच्या १९३२ मधील जातीय निवाड्यातून पुढे पुणे करार घडला, ते रॅम्से मॅकडोनाल्ड यांनीही वेन यांच्यासाठी शब्द टाकला. निधी जमला आणि १९२५ मध्ये वेन यांची रवानगी बेथलेम रुग्णालयात झाली. १९३० मध्ये त्यांना सेंट आल्बन्सजवळील नॅप्सबरी रुग्णालयात हलविण्यात आले. तेथे बाग होती आणि बागेत मांजरे होती. अखेरची नऊ वर्षे त्यांनी या मांजरांच्या सहवासात, चित्रे काढीत घालविली. त्यांचा क्षोभ बराचसा निवळला होता. ४ जुलै १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.

आठ चित्रांचा गैरसमज

वेन यांच्या आयुष्याचा खरा वाद त्यांच्या मृत्यूनंतर उभा राहिला. वॉल्टर मॅक्ले या मनोविकारतज्ज्ञांना १९३९ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागातील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात वेन यांची काही चित्रे सापडली. त्यांतील आठ चित्रे त्यांनी एका क्रमाने लावली. पहिल्यात हुबेहूब मांजर, मग विस्फारलेल्या डोळ्यांचे मांजर आणि शेवटी नुसतीच रंगीबेरंगी नक्षी. स्किझोफ्रेनिया बळावत जातो तसे चित्र कसे विस्कटत जाते, याचा पुरावा म्हणून ही मालिका अनेक वर्षे मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत छापली गेली.

वस्तुतः त्या चित्रांवर तारखाच नव्हत्या. क्रम लावणाऱ्याने तो आपल्या अनुमानानुसार लावला होता. नक्षीदार मांजरे काढत असतानाच्या काळातही वेन पूर्वीसारखी हसरी, खेळकर मांजरे काढीत होते. त्या नक्षीचे मूळ भरतकाम आणि कापडाच्या व्यवसायात असलेल्या त्यांच्या घरात असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. चादरी आणि टॉवेलांवरील नक्षीकाम पाहत वाढलेल्या सोलापूरकरांना हे पटण्यास अवघड जाऊ नये. लहानपणी डोळ्यांत भरलेली वेलबुट्टी उतारवयात कागदावर उमटली, तर तिला बिघाड म्हणण्याचे कारण नाही.

२००२ मध्ये आयरिश मनोविकारतज्ज्ञ मायकेल फिट्झजेराल्ड यांनी वेगळाच विचार मांडला. वेन यांच्या रेषेवरील हुकमत शेवटपर्यंत ढळली नव्हती. त्यांचा एकलकोंडेपणा, एकाच विषयाचा ध्यास आणि व्यवहारातील भाबडेपणा ही अ‍ॅस्पर्जर सिंड्रोमची, म्हणजे स्वमग्नतेच्या एका प्रकाराची लक्षणे असावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. २०१३ पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात हा प्रकार स्वमग्नतेच्या व्यापक संज्ञेतच समाविष्ट झाला आहे. अर्थात दिवंगत व्यक्तीची तपासणी होऊ शकत नाही, म्हणून हे निदान केवळ अनुमानच राहते. उतारवयातील त्यांच्या भ्रमांचे स्पष्टीकरण केवळ स्वमग्नतेने होत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. शिवाय लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे वर्णन १९४३ मध्ये आणि हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी १९४४ मध्ये केले. वेन यांच्या हयातीत ही दोन्ही वर्णने प्रसिद्ध झाली नव्हती.

आजचे शास्त्र काय सांगते?

स्वमग्न मुले आणि पाळीव प्राणी यांच्या नात्याचा पद्धतशीर अभ्यास अलीकडचा आहे. फ्रान्समधील मारीन ग्रांजॉर्ज आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वयाच्या पाचव्या वर्षानंतर घरात प्राणी आलेल्या स्वमग्न मुलांत वस्तू वाटून घेणे आणि दुसऱ्याला धीर देणे या वागणुकीत सुधारणा दिसली. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या ग्रेचेन कार्लाइल यांनी निवारागृहातील शांत स्वभावाची मांजरे निवडून ती स्वमग्न मुलांच्या घरी दिली. मुलांत सहानुभूती वाढल्याचे, जवळच्यांपासून दूर होण्याची भीती आणि वागण्यातील काही अडचणी कमी झाल्याचे त्यांना आढळले. मांजराशी नातेही लवकर जुळले.

असे अभ्यास अद्याप लहान आहेत. मांजर हे औषध नव्हे. काही स्वमग्न मुलांना मांजराचा वास वा अचानक होणारा स्पर्श सोसवत नाही. मांजरालाही आरडाओरडा, शेपूट ओढणे सहन होत नाही. मुलाचा आणि मांजराचा स्वभाव जुळतो का, हे पाहूनच पालकांनी निर्णय घ्यावा. मांजराचे लसीकरण, स्वच्छता आणि वर्षानुवर्षांचे संगोपन यांची जबाबदारी मोठ्यांनी उचलायची असते.

सात रस्त्यासारख्या चौकात एकाच वेळी कानावर आदळणारे भोंगे आणि चारी बाजूंनी अंगावर येणारी गर्दी सर्वसामान्य माणसाला त्रासदायक वाटते. अनेक स्वमग्न मुलांना ती असह्य होते. अशा मुलाला घरी परतल्यावर निवांत कोपरा आणि काही न विचारता शेजारी बसणारी सोबत मिळाली, तर त्याचा दिवस सुसह्य होऊ शकतो. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यता दिली आहे. वेन यांच्या वाट्याला असा कोणताही आधार आला नव्हता.

२०२१ मध्ये त्यांच्या जीवनावर इंग्रजी चित्रपट निघाला आणि बेनेडिक्ट कंबरबॅच यांनी त्यात वेन यांची भूमिका केली. चित्रपटामुळे त्यांच्या मांजरांना नवे रसिक लाभले. वेन यांना नेमके काय झाले होते, याचा निर्णय कदाचित कधीच लागणार नाही. एका भिजलेल्या पिल्लाला घरात घेतल्यामुळे एका आजारी स्त्रीचे अखेरचे दिवस सुखाचे झाले आणि एका एकाकी माणसाला जगाशी बोलण्याचे साधन मिळाले, एवढे मात्र त्यांच्या चरित्रातून निश्चित हाती लागते.