बिंदू जोडणारा माणूस : विल्यम लँबटन

गेल्या वर्षी आमच्या अणदूरच्या वर्गात मी मुलांना संगणकावर एक छोटे काम दिले. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरची पाच गावे घ्यायची : सोलापूर, अणदूर, नळदुर्ग, उमरगा आणि हुमनाबाद. प्रत्येक गाव म्हणजे आलेखावरचा एक बिंदू. हे बिंदू रेघांनी जोडायचे.

आज्ञावली अगदी लहान होती. आधी गावांची यादी आणि प्रत्येकापुढे त्याचे रेखांश व अक्षांश. मग एकच आज्ञा : पहिल्या बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत रेघ काढ, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत काढ, आणि यादी संपेपर्यंत असेच करत राहा. पाच बिंदूंच्या चार रेघा झाल्या. सर्वांचा रस्ता पडद्यावर नीट उमटला. फक्त एका मुलाची रेघ नळदुर्गहून निघाली आणि थेट पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन परत आली. त्याने उमरग्याचे आकडे उलटे लिहिले होते. आपल्या भागाचे रेखांश सुमारे ७६ आणि अक्षांश सुमारे १८. त्याने ७६ च्या जागी १८ लिहिले आणि १८ च्या जागी ७६. संगणकाची काही चूक नव्हती. त्याला सांगितले तिथे त्याने रेघ नेली. तो मुलगा मात्र बराच वेळ आज्ञावलीतच चूक शोधत बसला होता.

त्या दिवशी मी वर्गाला विल्यम लँबटन यांची हकिकत सांगितली. त्यांच्याजवळ संगणक नव्हता. ज्या बिंदूंना जोडायचे ते बिंदूही नव्हते. ते त्यांना आधी शोधावे लागले.

लँबटन यांचा जन्म इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात एका साध्या कुटुंबात झाला. गणितात त्यांची बुद्धी चांगली चाले. १७८१ मध्ये ते सैन्यात भरती झाले आणि त्यांना अमेरिकेत पाठवण्यात आले. पुढे कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक भागात बराकींची देखरेख करण्यात त्यांची अनेक वर्षे गेली. काम थोडे आणि वेळ भरपूर. तो वेळ त्यांनी गणिताची पुस्तके वाचण्यात घालवला. तिथेच सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे त्यांचा एक डोळा अधू झाला. ज्या माणसाचे सारे पुढचे आयुष्य दुर्बिणीतून पाहण्यात जायचे होते, त्याला एकाच चांगल्या डोळ्यावर काम भागवावे लागले!

त्यानंतर त्यांची पलटण हिंदुस्थानात आली. १७९९ मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणवर हल्ला केला आणि टिपू सुलतान लढता लढता शहीद झाले. लँबटन इंग्रजांच्या त्या फौजेत होते, हे लपवण्याचे कारण नाही. त्या मोहिमेत एका रात्री सैन्याची एक तुकडी अंधारात चालली होती. लँबटन यांनी आकाशातले तारे पाहिले आणि तुकडी उलट दिशेने, शत्रूच्या छावणीकडेच चालली आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांचे ऐकून तुकडी मागे फिरली.

लढाई संपल्यावर लँबटन यांनी सरकारपुढे एक योजना मांडली. मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यावरच्या मंगळूरपर्यंत देशाची अचूक मोजणी करायची. मोजणी म्हणजे तुम्ही उर्दूत ज्याला पैमाइश म्हणता ती. सरकारला याची गरज होतीच. नवा मुलूख ताब्यात आला होता, फौजा हलवायच्या होत्या, सारा वसूल करायचा होता. नकाशा ही राज्यकर्त्याच्या हातातली मोठी शक्ती असते. लँबटन यांना मात्र आणखी एक ओढ होती. पृथ्वीचा नेमका आकार कसा आहे, ती विषुववृत्तापाशी किती फुगीर आहे, हे त्यांना मोजून पाहायचे होते. खर्चावर देखरेख ठेवणाऱ्यांपैकी एकाला हे सारे फुकटचे वाटले. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगितले की झाले, त्यासाठी मोजणी कशाला, असा त्याचा आक्षेप होता. तरीही योजना मंजूर झाली.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट या टेकडीपाशी काम सुरू झाले. लँबटन तेव्हा पन्नाशीच्या जवळ आले होते. आधी जमिनीवर एक सरळ रेषा मोजायची होती. तिला आधाररेषा म्हणतात. तिची लांबी होती सुमारे साडेसात मैल. मोजायला शंभर फुटांची पोलादी साखळी होती. ही साखळी आधी चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी नेली होती, पण तिथे ती नाकारली गेली आणि फिरत फिरत हिंदुस्थानात पोहोचली. उन्हाने पोलाद वाढते, थंडीने आखडते. म्हणून साखळी तिवयांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांमध्ये सावलीत ताणून ठेवत आणि शेजारी तापमापक ठेवून दर वेळी तापमान लिहून घेत. अशी ती साखळी सुमारे चारशे वेळा मांडली गेली. साडेसात मैल मोजायला ५७ दिवस लागले. आज मोटारीने एवढे अंतर पंधरा मिनिटांत कापता येते.

मग पुढचे शेकडो मैलही साखळीनेच मोजायचे का? नाही. इथेच भूमितीची गंमत आहे. वहीत एक रेघ काढा. तिच्या टोकांना अ आणि ब अशी नावे द्या. दूरच्या डोंगराचे शिखर क समजा. अ जवळ उभे राहून ब आणि क यांच्यामधला कोन मोजा. मग ब जवळ जाऊन अ आणि क यांच्यामधला कोन मोजा. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोण पक्का झाला. उरलेल्या दोन बाजूंची लांबी गणिताने निघते, डोंगरापर्यंत साखळी ओढत न्यावी लागत नाही. आता अ-क ही नवी बाजू घ्या आणि तिच्यावर दुसरा त्रिकोण उभा करा. त्यावर तिसरा. अशी त्रिकोणांची साखळी देशभर नेता येते. पण एक धोका आहे. पहिल्या रेषेत बोटभर चूक झाली, तर ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरते. साडेसात मैलांसाठी ५७ दिवस का घालवले, ते आता तुमच्या लक्षात येईल.

कोन मोजण्याच्या यंत्राला थिओडोलाइट म्हणतात. लँबटन यांचे यंत्र लंडनमध्ये बनले होते आणि त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते. ते घेऊन येणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडले आणि मॉरिशसला नेले. त्या वेळी फ्रेंच आणि इंग्रज एकमेकांचे वैरी होते. तरी हे विद्येचे साधन आहे असे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नराने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिले.

हे यंत्र माणसे खांद्यावरून डोंगरमाथ्यावर नेत. समोरच्या शिखरावर निशाणाची काठी रोवून ती धरायला माणूस ठेवत. कधी धुके, कधी पाऊस. निशाण दिसेपर्यंत दिवसचे दिवस वाट पाहावी लागे. मंगळूरपर्यंत त्रिकोण पोहोचले तेव्हा कळले, की मद्रास आणि मंगळूर यांच्यातले अंतर सुमारे ३६० मैल आहे. जुन्या नकाशात ते ४०० मैल होते. म्हणजे तितका देश नकाशावर होता, पण जमिनीवर नव्हताच!

मग दक्षिण-उत्तर रेषा सुरू झाली. ती साधारण ७८ रेखांशाच्या बाजूने कन्याकुमारीपासून वर जाणार होती. तंजावरच्या सपाट प्रदेशात डोंगर नाहीत, म्हणून १८०८ मध्ये लँबटन यांनी यंत्र देवळाच्या उंच गोपुरावर चढवण्याचे ठरवले. ते वर चढत असताना दोरखंड तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. कोन वाचण्याचे मोठे पितळी वर्तुळच वाकले. अशा यंत्राने घेतलेला प्रत्येक कोन खोटा ठरला असता. दुसरा कोणी असता तर काम थांबवून नवे यंत्र येण्याची वाट पाहत बसला असता. लँबटन यंत्र घेऊन तंबूत शिरले. निवडक कारागिरांशिवाय कोणालाही आत येऊ दिले नाही. खुंट्या, स्क्रू आणि कप्प्या लावून ते वर्तुळ केसाकेसाने ओढत त्यांनी पुन्हा गोल केले. याला सहा आठवडे लागले. मला विचाराल तर लँबटन यांच्या आयुष्यातले हे सहा आठवडे सर्वांत मोठे आहेत. ते कोणत्याही नकाशात दिसत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पुढे अनेक वर्षांनी याच मोठ्या यंत्राची पुन्हा बांधणी झाली, त्या कामात अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन हे कुशल कारागीर होते. भूमापन खात्यात ते यंत्रनिर्माते या पदापर्यंत चढले. निशाणे धरून उभे राहिलेल्या शेकडो माणसांची नावे मात्र आपल्याला माहीत नाहीत. त्यांपैकी कितीतरी जण तापाने जंगलात मरण पावले.

१८१५ मध्ये रेषा बिदरपर्यंत आली. तिथे दमरगिद्दा येथे नवी आधाररेषा मोजली गेली. आधीच्या त्रिकोणांतून गणिताने आलेली लांबी आणि जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली लांबी जुळते का, ते पाहायचे होते. आपण बेरीज उलटीकडून करून पडताळतो ना, तसेच हे. १८१८ मध्ये या कामाला हिंदुस्थानचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हे तरुण अधिकारी लँबटन यांचे सहायक झाले. हेच ते एव्हरेस्ट, ज्यांचे नाव पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिले गेले.

बिदरपासून पश्चिमेकडे मुंबईच्या दिशेने त्रिकोण नेण्याचे काम एव्हरेस्ट यांच्याकडे आले. नकाशा उघडा आणि बिदरवर पट्टी ठेवून तिचे दुसरे टोक मुंबईवर टेकवा. पट्टी आपल्या धाराशिव जिल्ह्यावरूनच जाईल. नळदुर्गच्या किल्ल्यातल्या उपळी बुरुजावर तुम्ही चढला असाल, तर अशा कामाला उंच जागा का लागते हे वेगळे सांगायला नको.

लँबटन स्वतः हैदराबादहून नागपूरकडे निघाले होते. वय सत्तरीच्या घरात, छातीत क्षय, खोकल्याने शरीर पोखरलेले. वीस वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी सुमारे १,६५,००० चौरस मैल प्रदेश मोजला होता. नागपूर काही त्यांना गाठता आले नाही. जानेवारी १८२३ मध्ये वाटेत हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. एव्हरेस्ट यांनी मुंबईकडचे काम अर्धवट ठेवले आणि लँबटन यांची जागा घेतली. दक्षिण-उत्तर रेषा पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचायला १८४१ साल उजाडले.

हिंगणघाट आज वर्धा जिल्ह्यात आहे. लँबटन यांची कबर तिथेच आहे. आमच्या वर्गातल्या त्या मुलाने घरी जाण्यापूर्वी उमरग्याचे आकडे दुरुस्त केले, आणि यादीत सहावा बिंदू म्हणून हिंगणघाट लिहिले. या वेळी त्याने रेखांश आधी लिहिले.