वेलबुट्टीमागचा अभियंता

लग्नपत्रिकेच्या माथ्यावर गणपतीच्या दोन्ही अंगांना सारख्याच झोकाने वळत जाणारी वेलबुट्टी आज संगणकावर काही मिनिटांत उतरते. डीटीपी करणारा एक बाजू रेखाटतो, तिचे आरशातले प्रतिबिंब दुसऱ्या बाजूला बसवतो आणि पुढच्या कामाला लागतो. हे वळसे ज्या वक्ररेषेने काढले जातात तिला, आणि ‘कोरल ड्रॉ’मध्ये तर खुद्द त्या साधनालाच, ‘बेझिअर’ म्हणतात. ज्यांचे हे नाव, त्या पिएर बेझिए यांचे (हा मूळ फ्रेंच उच्चार) सारे उमेदीचे आयुष्य मोटारींच्या कारखान्यात गेले.

१ सप्टेंबर १९१० रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या बेझिए यांच्या घरातच अभियांत्रिकी होती. यंत्र अभियांत्रिकीची पदवी १९३० साली आणि विद्युत अभियांत्रिकीची त्यापाठोपाठ पुढच्याच वर्षी मिळवून ते १९३३ मध्ये ‘रेनॉ’ कंपनीत रुजू झाले. तेथे त्यांनी तब्बल ४२ वर्षे काढली. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून दिवस कंठावे लागले. युद्धानंतर ‘४ सीव्ही’ या छोटेखानी मोटारीचे भाग घडविणारी स्वयंचलित यंत्रे त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. कारखान्यातला एक कर्तबगार अधिकारी, एवढीच त्यांची ओळख राहिली असती. पण पन्नाशी गाठताना त्यांनी भलत्याच प्रश्नात हात घातला.

प्रश्न मोटारीच्या अंगावरील वळणांचा होता. त्या काळी चित्रकार मोटारीचे रेखाटन करी, त्यावरून मातीचा व प्लास्टरचा नमुना होई, नमुन्यावरून फर्मे कापले जात आणि फर्म्यांवरून पत्रा दाबण्याचे साचे घडत. प्रत्येक हाताला मूळ वळण किंचित बदले. शेवटी दार आणि चौकट जुळेनाशी झाली, की चूक कोणाची यावर वाद! खरा आकार चित्रातला, नमुन्यातला की साच्यातला, हे ठरविणार कोण? बेझिए यांचे उत्तर सरळ होते. आकार आकड्यांत नोंदवावा, आणि चित्रकारापासून साचे घडविणाऱ्यापर्यंत सर्वांनी तेच आकडे प्रमाण मानावेत.

१९६० मध्ये त्यांनी या कामास आरंभ केला. त्यांची मूळ कल्पना मोठी देखणी आहे. एका पेटीत एक वक्ररेषा बसविलेली आहे असे समजावे. पेटी ताणली, तिरकी केली, की आतली रेषाही तिच्यासोबत वाकते. पुढे इतर गणितज्ञांनी तिची मांडणी अधिक सुटसुटीत केली. आपली पद्धत लोकांनी मनावर घ्यावी म्हणून बेझिए यांनी सुरुवातीला ती एका काल्पनिक प्राध्यापकाच्या नावावर खपविली, असा किस्सा सांगितला जातो. कारखान्यातल्या अभियंत्याचे गणित कोण ऐकणार! या संशोधनातून उभी राहिलेली ‘युनिसर्फ’ ही प्रणाली १९६८ च्या सुमारास ‘रेनॉ’मध्ये वापरात आली.

या पद्धतीचे मर्म चार बिंदूंत आहे. रेषा पहिल्या बिंदूपासून निघते आणि चौथ्यापाशी संपते. मधले दोन बिंदू तिला आपल्याकडे ओढतात, पण सहसा ती त्यांना स्पर्श करीत नाही. पडद्यावर दिसणारी ‘हँडल’ म्हणजे हेच मधले बिंदू. वळशाच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावरील हँडले एका सरळ रेषेत ठेवली, तर सांधा डोळ्याला जाणवत नाही. वेलबुट्टीची अर्धी बाजू उलटवून जोडताना मधल्या अक्षावरचे हँडल त्या अक्षाशी काटकोनात हवे, अन्यथा ऐन मध्यावर टोक निघते आणि सारी शोभा जाते. गंमत अशी की, या रेषेने अचूक वर्तुळ काढता येत नाही. चार तुकडे जोडून आणि हँडलांची लांबी त्रिज्येच्या सुमारे ५५ टक्के ठेवून वर्तुळाचा आभास तेवढा निर्माण होतो; चूक इतकी सूक्ष्म, की छपाईत ती कोणालाही दिसू नये.

मोटारीच्या पत्र्यावरून ही रेषा कागदावर आली ती १९८० च्या दशकात. १९८४ मध्ये आलेल्या ‘पोस्टस्क्रिप्ट’ या छपाईच्या भाषेने अक्षरांची वळणे नोंदविण्यासाठी तिचाच आधार घेतला. १९८७ मध्ये ‘अडोबी इलस्ट्रेटर’ आणि १९८९ मध्ये ‘कोरल ड्रॉ’ आले, आणि नक्षीकाराच्या हाती माऊस आला. बेझिए तोवर निवृत्त झाले होते. १९७७ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी पॅरिस विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळविली होती. संगणकीय रेखाटनातील कामगिरीबद्दल १९८५ मध्ये त्यांना अमेरिकेतील स्टीव्हन कून्स पुरस्कार मिळाला. २५ नोव्हेंबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले.

मात्र या कथेत आणखी एक नाव आहे. ‘रेनॉ’ची प्रतिस्पर्धी कंपनी ‘सित्रोएन’ हिच्यातील तरुण गणितज्ञ पॉल द कास्तेल्जो हेही त्याच रेषेपर्यंत पोहोचले होते, आणि तेही बेझिए यांच्या आधी, १९५९ मध्ये. कंपनीने ते काम गुपित म्हणून कपाटबंद ठेवले. बेझिए यांनी मात्र आपली पद्धत उघडपणे प्रसिद्ध केली, आणि जगाने रेषेला त्यांचे नाव दिले. त्यात बेझिए यांनी कोणाचे हिरावून घेतले असे म्हणता येणार नाही. दोघांनी स्वतंत्रपणेच काम केले होते. १९७० च्या दशकात कास्तेल्जो यांची टिपणे अभ्यासकांच्या हाती लागली आणि ही रेषा टप्प्याटप्प्याने काढण्याच्या रीतीला त्यांचे नाव मिळाले. २०१२ मध्ये त्यांचा गौरव झाला, तो ‘पिएर बेझिए’ यांच्याच नावाचा पुरस्कार देऊन. कास्तेल्जो २०२२ मध्ये निवर्तले.