डॉ. केरी यांची धास्ती

मंडळीपुढें उभें राहिलें कीं आपण येथें अनधिकारानें उभे आहों, आज ना उद्यां आपलें अज्ञान उघडें पडेल, अशी धास्ती ज्या उपदेशकबंधूंस वाटते, त्यांच्याकरितां आम्ही डॉ. विल्यम केरी यांचें थोडें वृत्त देतों.

केरी हे 1761 सालीं इंग्लंडांत पॉलर्सपरी ह्या खेड्यांत एका विणकराच्या घरीं जन्मले. लहानपणींच ते जोडे शिवण्याचें काम शिकूं लागले. लातिन, ग्रीक व इब्री ह्या भाषा त्यांनीं बहुतेक स्वतःच्या श्रमानें साधल्या. कॉलेजाचें तोंड पाहिलें नाहीं. 1785 त ओल्नी येथील मंडळीनें त्यांचा उपदेश ऐकला, पण तिचें समाधान झालें नाहीं. संमति मिळण्यास आणखी एक वर्ष लागलें.

1793 त ते बंगाल्यांत आले. 1801 त बंगाली नवा करार छापून होतो न होतो, तोंच कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली शिकविण्याविषयीं त्यांस विचारणा झाली. त्यांस धडकीच भरली. ज्यानें कॉलेजांत एक दिवस काढला नाहीं, त्यानें सरकारी अंमलदारांस तेथें शिकवावें कसें? त्यांनीं ही शंका आपल्या सोबत्यांपुढें मांडली व त्यांच्या सल्ल्यानें काम पत्करलें. भीति गेली म्हणून नव्हे. पाहतात तों शिकवावयास पुस्तकें नाहींत. तेव्हां त्याच सालीं त्यांनीं बंगाली व्याकरण रचलें, आणि पंडितांजवळ बसून, विचारीत विचारीत, स्वतःही शिकत राहिले.

पुढें मराठीही त्यांच्याकडे आली. वैजनाथ पंडितांच्या साह्यानें 1805 त मराठी व्याकरण, 1810 त कोश आणि 1811 त मराठी नवा करार निघाला. हें भाषांतर निर्दोष नव्हतें; मागाहून इतरांस तें नव्यानें करावें लागलें. 1812 त श्रीरामपुरचा छापखाना जळाला व अनेक वर्षांचीं हस्तलिखितें राख झालीं. केरींनीं पुन्हां लेखणी उचलली.

एका मेजवानींत कोणी अधिकाऱ्यानें, हे पूर्वीं जोडे बनवीत ना, असें विचारलें. केरींनीं उत्तर दिलें कीं नवे बनवीत नसें, फाटके सांधीत असें. आमच्या मंडळ्यांतील ज्यांच्या वडिलांचा हाच धंदा होता, त्यांनीं हें घरीं मुलांस सांगावें.

आपणांस नेटानें रेटीत राहणें तेवढें येतें, असें ते पुतण्या युस्टस यांस म्हणाले होते. एवढ्यानें इतक्या भाषा साधत नाहींत, असें आम्हांस वाटतें. केरी 1834 त वारले. युस्टस यांनीं दोन वर्षांनीं त्यांचें चरित्र छापलें.