काठीने ढकललेला पंखा

गेल्या मे महिन्यात साताऱ्याला आईकडे गेलो होतो. दुपारची जेवणे झाल्यावर माजघरात सतरंजी टाकून लवंडलो आणि पंखा लावला. पंखा नुसता घूं घूं करीत राहिला, फिरेना. आई स्वयंपाकघरातून आली, कोपऱ्यातली जळमटे काढायची काठी तिने उचलली आणि एका पात्याला टोचा दिला. पंखा फिरू लागला! ती काही झालेच नाही अशा थाटात परत गेली. चौकशी केली तेव्हा कळले, की होळीपासून हे असेच चालले आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी मुलांना कशाला कळवायचे, असा तिचा विचार.

पण वारा काही अंगाला लागेना. वर नीट पाहिले तर पंखा उलटा फिरत होता. पाती तिरकी असतात ती वारा खाली लोटण्यासाठी. उलटी फिरली की तोच वारा छताकडे जातो. म्हणजे एकोणऐंशी वर्षांची माझी आई अख्खा उन्हाळा छताला वारा घालीत, स्वतः घाम पुशीत झोपत होती. आम्ही दर रविवारी फोनवर तिची खुशाली विचारीत होतो आणि ती सर्व ठीक असल्याचे सांगत होती.

वायरमनला दोन दिवस सवड नव्हती. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, म्हटले आता पंखा आपणच उतरवावा. स्टुलावर उभा राहून मी नटबोल्ट सोडवीत होतो, तेव्हा सारखा आठवत होता तो निकोला टेस्ला.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान या खेड्यातला. वडील ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू. आईला लिहितावाचता येत नसे, पण घरकामाला लागणारी अवजारे ती स्वतःच्या डोक्याने बनवी, आणि लांबलचक काव्ये तिला तोंडपाठ होती. आपली कल्पकता आईकडून आली असे टेस्ला आयुष्यभर मानत आला.

ग्राझच्या तंत्रशाळेत शिकत असताना त्याने विजेवर चालणारे एक यंत्र पाहिले. त्या काळच्या मोटरीत फिरत्या भागाला वीज पोचवायला ब्रश घासत ठेवावे लागत, आणि त्यांतून ठिणग्या उडत. हे घासणे टाळता येणार नाही का, अशी शंका या पोराने काढली. प्राध्यापकांनी भर वर्गात ती अशक्य ठरवली. टेस्लाने पदवी काही घेतली नाही, मधली काही वर्षे जुगारातही घालवली. पण ती शंका डोक्यातून गेली नाही. १८८२ साली बुडापेस्टच्या बागेत एका मित्राबरोबर संध्याकाळी फिरताना उत्तर अचानक सुचले, आणि काठीने त्याने मातीत आकृती काढून दाखवली. (पुन्हा काठीच!)

कल्पना सांगायला सोपी आहे. जात्यावर दोघी बायका समोरासमोर बसून दळतात. दोघींचे हात एकाच खुंट्यावर, पण जोर लावायची वेळ वेगळी. एकीचा जोर ओसरतो तिथे दुसरीचा सुरू होतो, म्हणून जाते गोल फिरत राहते. टेस्लाने दोन वेटोळ्यांत मागेपुढे चढउतार होणारे दोन विद्युतप्रवाह सोडले. त्यांची चुंबकीय ओढ गोल फिरू लागली, आणि मधला लोखंडी भाग त्या ओढीमागे निघाला. ब्रश नाही, ठिणगी नाही. फिरणाऱ्या भागाला स्थिर भागाचा स्पर्शसुद्धा नाही.

१८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला आणि एडिसनकडे कामाला लागला. एडिसनचा सारा व्यापार एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा. वर्षभरात टेस्ला बाहेर पडला. स्वतःची कंपनी काढली, तर भांडवलदारांनी त्याच्याच कल्पना ठेवून त्याला दूर केले. मग हा विद्वान दोन डॉलर रोजावर खड्डे खणू लागला! त्या हिवाळ्याचा कडवटपणा त्याच्या मनातून कधी गेला नाही.

मे १८८८ मध्ये मोटरीची पेटंटे मिळाली आणि इंजिनियरांच्या सभेत त्याने ती समजावून सांगितली. इटलीत गॅलिलिओ फेरारिस स्वतंत्रपणे त्याच विचाराला पोचला होता, हेही सांगितलेच पाहिजे. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने टेस्लाचे हक्क विकत घेतले. दर अश्वशक्तीमागे टेस्लाला मानधन ठरले होते. पण पुढे कंपनी आर्थिक पेचात आली तेव्हा त्याने ते सोडून दिले. करारच फाडला असे सांगतात. व्यवहारी माणसाने असे केले नसते, आणि माझ्या मते टेस्लानेही करायला नको होते.

१८९६ साली नायगाराची वीज चाळीसएक किलोमीटरवरच्या बफेलो शहरात पोचली. आपल्याकडे १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तीही याच जातीची, उलटसुलट वाहणारी.

छताला विजेचा पंखा टांगण्याची युक्ती मात्र टेस्लाची नव्हे. शिलाईयंत्रांच्या सिंगर कंपनीतला जर्मन कारागीर फिलिप डील याने १८८० च्या दशकात शिवणयंत्राची मोटर छताला लावून तिला पाती जोडली. पण ती मोटर ब्रश घासणारी. आज घराघरात फिरते ती टेस्लाच्या कुळातली.

आमच्या घरात वीज येते ती एकाच फेजची. म्हणजे जात्यावर बाई एकटीच. ती नुसता मागेपुढे हिसका देणार, जाते घूं घूं करणार. दुसरी बाई उभी करण्याचे काम पंख्याच्या वरच्या वाटीत लपलेल्या बोटाएवढ्या कंडेन्सरचे. तो दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह थोडा पुढे काढतो. तो बसला की मोटर दोन्ही दिशांना सारखीच तयार किंवा सारखीच नाखूष असते, आणि ढकलाल तिकडे जाते. आईने नेमके चुकीच्या बाजूने ढकलले होते, आणि तिला ते सांगायला कुणी नव्हते.

बाजारातून त्याच मापाचा, अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणला. मेन स्विच बंद करून तो बसवला. पाती धुऊन जोडताना दिसले, की काठीचे टोचे खाऊन एक पाते खाली वाकले आहे. तीन पाती वजनाने जुळवलेली असतात, म्हणून एकच नवे आणून चालत नाही. मी जुनेच हलक्या हाताने सरळ केले. मग काठी उभी धरून प्रत्येक पात्याच्या टोकाचे छतापासूनचे अंतर मोजले, टोकाटोकांतले अंतर दोरीने पाहिले. स्क्रू आधी सगळे सैल लावून मग आळीपाळीने आवळले. आपल्या छतपंख्यात मधला दांडा स्थिर असतो, बाहेरचे बोडके फिरते, आणि पाती त्यालाच लागतात. एक स्क्रू ढिला राहिला तरी सगळा पंखा झोके खातो.

हल्ली लोहचुंबकाची, निम्म्याहून कमी वीज खाणारी मोटर असलेले पंखे मिळतात. घेऊ म्हटले, तर आईने मान हलवली. हा पंखा वडिलांनी बसवलेला.

टेस्लाची अखेर चांगली झाली नाही. हॉटेलांची बिले थकली, १९३४ पासून वेस्टिंगहाऊस कंपनी त्याच्या खोलीचे भाडे देऊ लागली. लग्न केले नव्हते. लोकांचा स्पर्शही नकोसा वाटे, पण कबुतरांना दाणे घालायला तो नेमाने जाई. जानेवारी १९४३ मध्ये न्यूयॉर्कर हॉटेलातल्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीबाहेर त्रास देऊ नये अशी पाटी लागली होती. शेवटी साफसफाईची बाई आत गेली, तेव्हा कळले.

संध्याकाळी मेन स्विच लावला. पंखा आपणहून निघाला, आणि डावीकडून उजवीकडे की उजवीकडून डावीकडे, हे मी दोनदा पाहून घेतले. आई खाली आडवी झाली. पाच मिनिटांनी पदर सावरीत तिने पंखा दोनवर करायला सांगितले, गार वाटते म्हणाली. काठी मी जाताना माळ्यावर टाकून आलो. रविवारचा फोन आता मी बुधवारीही करतो.