तुटलेल्या दुव्यांचा शोध

मनोरुग्णाच्या मेंदूत नेमके काय बिघडते, हा कार्ल वेर्निके या जर्मन वैद्यांचा आयुष्यभराचा चिंतनविषय होता. १८४८ साली जन्मलेल्या वेर्निके यांनी व्हिएन्नात थिओडोर मायनर्ट यांच्याजवळ मेंदूतील तंतूंचे ज्ञान मिळविले आणि १८७४ मध्ये, अवघ्या २६व्या वर्षी, वाचाहानीवरील ग्रंथाने कीर्ती संपादन केली. पुढे ब्रेस्लाऊ येथे मनोरुग्णांवर उपचार करताना त्यांनी असे मत मांडले की, मेंदूतील केंद्रांना जोडणारे दुवे सुटले म्हणजे विचारांची साखळी विस्कटते. पुरावा मात्र हाती नव्हता. १९०५ मध्ये सायकल-अपघाताने त्यांचा अंत झाला. ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव रूढ झाले ते त्यानंतर.

आज चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने जिवंत मेंदूतील श्वेतद्रव्याची, म्हणजे याच जोडतंतूंची, पाहणी करता येते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत त्यांची जडणघडण सरासरीने काहीशी विस्कळीत आढळते आणि विचारांच्या मंदगतीशी तिचा संबंध दिसतो. वेर्निके यांचा सिद्धांत जसाच्या तसा खरा ठरला, असे नव्हे. पण दिशा चुकीची नव्हती.

कारखाने चालू असूनही रस्ते खचले, तर माल उशिरा पोचतो. त्याचा दोष कामगाराच्या माथी मारणे अन्यायाचे होय. वर्गात वा कचेरीत उत्तरास विलंब लावणाऱ्या अशा रुग्णाला आळशी ठरविण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावयास हवे.