सिद्धगडाआधीचे भाई कोतवाल

दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना अभिवादन केले जाते. भाषणांत आझाद दस्ता येतो, गोळीबार येतो. त्याआधीचे भाईंचे काम मात्र एका वाक्यात आटोपते. कर्जत-खालापूरच्या आदिवासी वाड्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी नेमके तेच समजून घ्यायला हवे.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये, गरीब नाभिक कुटुंबात झाला. पुण्यात शिकून ते वकील झाले आणि परत आपल्या माणसांत आले. पुढे ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले.

डोंगराखालच्या शेतकरी-आदिवासींची खरी अडचण पावसाळ्यात असे. लावणीच्या दिवसांत घरातले भात संपे. सावकाराकडून मणभर उचलले की सुगीला सवाई-दिढीने फेडायचे. खळ्यावरूनच भात निघून जाई आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच दारात उभे राहावे लागे. यावर भाईंनी धान्यकोठ्या सुरू केल्या. गावाचे धान्य साठवायचे, अडल्यानडल्याला त्यातून द्यायचे, सुगीला परत घ्यायचे. हे दान नव्हते. जोडीला स्वयंसेवी शाळाही काढल्या. कारण अक्षरओळख नसलेल्याला सावकाराच्या वहीतला आकडा मान्यच करावा लागतो. याच कुलाबा जिल्ह्यासह कोकणातील खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत विधेयक मांडले होते. गुलामी पोटातून सुरू होते, हे दोघांनीही ओळखले होते.

ऑगस्ट १९४२ मध्ये भाई भूमिगत झाले. आसपासच्या गावांतले तरुण दस्त्यात आले. त्यांनी विजेचे मनोरे पाडून मुंबईचा वीजपुरवठा तोडला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी सिद्धगडाच्या जंगलात त्यांना गाठले. तिथेच भाई आणि हिराजी यांना वीरमरण आले. भाई तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते.

आजही आपल्याकडची कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि बाकी पुढच्या हंगामावर चढते. २०२० मध्ये सरकारने आदिवासी कुटुंबांसाठी चार हजार रुपयांचे खावटी अनुदान जाहीर केले, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंत. त्याने काही दिवस भागतात, पण उचल थांबत नाही. त्यासाठी वाडीची स्वतःची कोठी, बचत गटाची गंगाजळी आणि हिशेब वाचणारी पोरे-पोरी लागतात.

सिद्धगडावर फूल वाहून उतरताना आपापल्या वाडीत यातले काय उभे आहे, एवढे तरी मोजू या.